रिमोटवर नसलेला आकडा

उकाड्याबद्दल बोलताना आपण तापमानाबद्दल बोलतो, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा तिथेच होतो. बातम्यांत पारा किती चढला ते सांगतात, फोनवर अंश दिसतात, एसीच्या रिमोटवरही अंशच. पण विषुववृत्ताच्या आसपास, समुद्राजवळ किंवा पाऊस तोंडावर आलेला असताना ज्यांनी एखादी रात्र कूस बदलत काढली आहे, त्यांना ठाऊक असतं की पारा तिशीच्या खाली असूनही जीव नकोसा होतो. उशी ओली होते, चादर पाठीला चिकटते, पंखा नुसती वाफ ढवळत राहतो. त्या रात्री छळत असतं ते हवेतलं पाणी. त्याचा आकडा मात्र रिमोटवर नसतो.

उष्ण कटिबंधात घरोघरी एसी येताहेत, त्यांना वीज कुठून पुरवायची, ही चर्चा गेली काही वर्षं जोरात आहे. जे हाती लागेल ते मी वाचत असते. त्यात गिगावॅट असतात, कार्बन असतो, आलेख असतात. हवेतलं हे पाणी फारसं नसतं, आणि झोप तर जवळजवळ नसतेच. मला वाटतं, या दोन गोष्टी बाजूला ठेवून घरातल्या एसीबद्दल काहीच धड बोलता येत नाही.

हे यंत्र मुळात जन्माला आलं ते पाण्यासाठीच. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरपुढे प्रश्न ठेवला गेला तो हवेतला ओलावा आवरण्याचा. त्यानं गार नळ्यांवरून हवा फिरवली. ओलावा नळ्यांवर थेंब होऊन जमला आणि हवा कोरडी झाली. ती गारही झाली, पण छापखान्याची गरज होती कोरडेपणाची. माणसांच्या सुखासाठी हे यंत्र विकलं जाऊ लागलं ते नंतर, आणि तेव्हा गारवा पुढे आला, कोरडेपणा मागे पडला. आजही जाहिरातीत बर्फ दिसतो, धुकं दिसतं. कोरडी उशी कुणी दाखवत नाही.

एक साधा हिशोब मी मध्यंतरी कागदावर मांडला, आणि तेव्हापासून एसीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. झोपायची छोटी खोली घ्या, ३० घनमीटर हवेची. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे दमट प्रदेशातली अगदी नेहमीची रात्र. त्या खोलीतल्या नुसत्या हवेत पाऊण लिटरच्या आसपास पाणी असतं, डोळ्यांना न दिसणारं. हीच हवा २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणायची तर त्यातलं साडेतीनशे ग्रॅम पाणी काढावं लागतं. हवा सहा अंशांनी गार करायला लागते साधारण २१० किलोज्यूल ऊर्जा. तेवढं पाणी वाफेतून थेंबात आणायला लागते साडेआठशे किलोज्यूल. चौपट! भिंती, छप्पर, दिवे, माणसं यांची उष्णता वेगळी, तिच्याकडे पुढे येतेच. पण निव्वळ हवेपुरतं बघायचं तर यंत्राच्या कामाचा मोठा वाटा पाणी पिळून काढण्यात जातो, आणि त्या कामाचा उल्लेख पॅनलवर, रिमोटवर, बिलावर कुठेच नसतो.

उल्लेख असतो तो फक्त ड्रेन पाइपखाली. पाइप भिंतीबाहेर सोडायची सोय नसेल तर लोक खाली बादली ठेवतात. दमट दिवसांत रात्रीतून ती बादली कशी भरत जाते ते एकदा लक्ष देऊन बघावं. आधी थेंब, मग बारीक धार, मग पुन्हा थेंब. कॉम्प्रेसर सुरू झाला की काही मिनिटांनी धार लागते, बंद पडला की ती आटते. त्या धारेचा प्रत्येक लिटर म्हणजे जवळजवळ पाऊण युनिट उष्णता खोलीतून उचलून बाहेर टाकलेली. अंगावरचा घाम सुकायला जागा झाली ती त्या धारेमुळे.

कारण आपलं शरीर स्वतःला गार ठेवतं ते मुख्यतः घाम सुकवून. झोपलेला माणूसही शंभर वॅटच्या जरा खाली इतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. बाहेरची हवा त्वचेच्या तापमानाजवळ आली की ती उष्णता घामावाटेच जाऊ शकते, आणि हवा आधीच पाण्यानं भरलेली असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. म्हणून शास्त्रज्ञ ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा बघतात. तो ३५ अंशांवर गेला की माणूस फार काळ तग धरू शकत नाही, असं २०१० च्या एका प्रसिद्ध अभ्यासानं मांडलं होतं. पुढे २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं की दमट हवेत तरुण, धडधाकट माणसांचंही शरीर ३१ अंशांच्या आसपासच हात टेकायला लागतं. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, हृदयाचे रुग्ण यांची मर्यादा त्याहून खाली.

आईच्या शेवटच्या आजारपणात हे मी अगदी जवळून पाहिलं. तिला थंडी सोसायची नाही. खोली गार झाली की ती पाय पोटाशी घ्यायची. पण एसी बंद केला की तासाभरात तिच्या मानेखाली, गुडघ्यांमागे घाम साचायचा, श्वास वरवर व्हायचा, झोप उडायची. ड्राय मोड, म्हणजे हवा मुख्यतः कोरडी करण्याची एसीची सोय, लावून वर हलका पंखा ठेवला की ती शांत झोपायची. त्या दिवसांत एसीला चैन म्हणणाऱ्या माणसाशी मला बोलवलं नसतं.

आजही बोलवत नाही. अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे की अतिउष्ण दिवसांत होणारे जास्तीचे मृत्यू १९६० नंतर सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले, आणि त्याचं मुख्य कारण घरात आलेला एसी. उलट बाजू बघायची तर जून २०१५ चं कराची. शहर कर्कवृत्ताच्या जरासं वर. समुद्रावरचा वारा पडला, हवा कोंदली, त्यात वीज तासन्‌तास गायब. हजाराहून जास्त माणसं काही दिवसांत गेली. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू सांगायचे की पंतप्रधान झाल्यावर त्यांनी आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले, कारण त्याशिवाय उष्ण कटिबंधात लोकांना फक्त सकाळच्या आणि संध्याकाळच्या गार वेळेतच काम करता येतं. त्यांनी कचेऱ्यांचा विचार केला. मला त्या कचेरीतून घरी जाऊन पुन्हा उकाड्यात तळमळणाऱ्या कारकुनाचाही विचार येतो. झोप नाही झाली तर सकाळी गार कचेरीत बसून तो काय काम करणार?

आता आकडे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०१८ साली शीतकरणावर एक मोठा अहवाल काढला. तेव्हा जगात साधारण १६० कोटी एसी होते, २०५० पर्यंत ते ५६० कोटी होतील असा अंदाज. पंखे आणि एसी मिळून जगातली जवळपास दहा टक्के वीज तेव्हाच वापरत होते. या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच आहे. जगातल्या सर्वांत उष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी फक्त ८ टक्क्यांकडे एसी होता. अमेरिका आणि जपानमध्ये ९० टक्क्यांहून अधिक घरांत. म्हणजे उन्हात राहणाऱ्यांकडे यंत्र नाही, आणि आता कुठे ते घ्यायला निघाले आहेत तर त्यांच्याकडे पृथ्वीवरचं संकट म्हणून बोट दाखवलं जातं. मला हे मान्य नाही. ज्यांनी शंभर वर्षं गारव्यात काढली त्यांनी भारतातल्या, इंडोनेशियातल्या, नायजेरियातल्या कुटुंबाला घाम गाळत राहायला सांगणं अन्यायाचं आहे.

पण म्हणून विजेचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्याच अहवालानुसार भारतात विजेच्या कमाल मागणीतला एसीचा वाटा २०१६ मध्ये १० टक्क्यांच्या आसपास होता, तो २०५० मध्ये ४५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आणि घरातल्या एसीची वेळ कचेरीतल्या एसीसारखी नसते. कचेरीतला एसी दुपारी धावतो, तेव्हा सौर पॅनलही जोरात असतात. घरातला एसी लागतो रात्री नऊ-दहानंतर, झोपायच्या खोलीत, आणि पहाटेपर्यंत चालतो. तेव्हा सूर्य नसतो. मग ती वीज कोळशाची, गॅसची, पाण्याची किंवा दिवसा बॅटरीत साठवलेली. पूर्वी रात्री मागणी उतरायची, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) गार व्हायची, दुसऱ्या दिवसाला तयार व्हायची. आता रात्रीही हवा गरम आणि भारही चढलेला, त्यामुळे त्यांना विसावा मिळत नाही. ऐन उकाड्याच्या रात्री ती जळतात त्यामागे हे एक कारण आहे.

यात घराचं बांधकाम भर घालतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि काही तासांच्या उशिरानं ते खाली सोडतो. संध्याकाळी बाहेर झुळूक सुटलेली असते आणि वरच्या मजल्यावर छताखाली हात धरला तर तव्यावर धरल्यासारखी धग लागते. सौर पॅनल मिटतात तेव्हा हा स्लॅब जागा होतो. मग एसी आधी स्लॅबशी भांडतो, मग भिंतींशी, मग हवेतल्या पाण्याशी, आणि सगळ्यांत शेवटी माणसाच्या वाट्याला काही येतं. पांढऱ्या रंगानं ऊन परतवलेलं छप्पर, त्यावरची सावली, पश्चिमेच्या खिडकीबाहेरचं छज्ज्याचा आडोसा, हे सगळं इतकं साधं आहे की त्यावर भाषण होत नाही आणि अनुदानही क्वचित मिळतं. पण स्लॅब तापलाच नाही तर रात्री यंत्राचं काम पुष्कळ कमी होतं, आणि ज्याच्याकडे यंत्र नाही त्याचीही रात्र सुसह्य होते. या दुसऱ्या माणसासाठी तर हे जास्तच करायला हवं.

तो दुसरा माणूस बहुतेक वेळा शेजारीच असतो. एसी उष्णता नाहीशी करत नाही, खिडकीबाहेर टाकतो. दीड टनाचं यंत्र पूर्ण जोरात खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतं, त्यात स्वतः खाल्लेली दीडेक किलोवॅट वीज मिसळतं आणि पावणेसात किलोवॅटचा झोत गल्लीत सोडतं. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर केलेल्या अभ्यासात दिसलं की एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीचं तापमान एक अंशानं वाढू शकतं. तिथे निदान घरांमध्ये अंतर असतं. अरुंद बोळात समोरासमोर खिडक्या असतात, एकीत आउटडोअर युनिट लटकलेलं, दुसरी उघडी, कारण तिच्या मालकाकडे पंख्याशिवाय काही नाही. पहिल्याची झोप दुसऱ्याच्या खिडकीतून आत शिरते ती गरम वारा होऊन. हे बघून मला वाईट वाटतं, आणि त्यात पहिल्या घराचाही दोष दिसत नाही. युनिट कुठे टांगायचं याचा विचार इमारत बांधणाऱ्यानं केलेला नसतो.

सरकारांनी काय केलं? बहुतेकांनी अंशांचा आकडा दिला. जपाननं २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, कचेऱ्यांत २८ अंश ठेवा, टाय-कोट काढा. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू झाले पाहिजेत असा नियम झाला. एक अंश वर नेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं तिथली ऊर्जा कार्यक्षमता संस्था सांगते. नियम चांगला आहे, मला पटतो. तरी लोक रिमोट उचलतात आणि १८ करतात. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं, तर यंत्र खोलीच्या मानानं मोठं असेल तर हवा झटकन २४ वर येते, कॉम्प्रेसर थांबतो, पाणी पुरतं निघालेलंच नसतं. वर आतला पंखा ओल्या कॉइलवरून, म्हणजे त्या गार नळ्यांवरून, हवा फुंकत राहतो आणि जमलेलं थोडं पाणी परत खोलीत सोडतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी मंदावतो, तेव्हा कॉइल तितकी गार राहत नाही, आणि ओलावा धरण्याची तिची ताकद घटते. अंग चिकचिकतच राहतं. मग माणूस त्याच्या हातात असलेली एकमेव कळ दाबतो. १८ वर हवा कोरडी होते खरी, पण थंडीही वाजते, आणि सगळं घर पांघरूण ओढून झोपतं. त्या जास्तीच्या सहा अंशांची वीज खरं तर कोरडेपणासाठी मोजलेली असते.

इथे छताचा पंखा फार मोठं काम करू शकतो. हवा हलती असली की अंगाला दोन-तीन अंश कमी वाटतात. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा, तीसच्या आसपास. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाची एसडीई-४ ही इमारत २०१९ मध्ये सुरू झाली. तिथे हवा कोरडी करून सोडतात, पण फार गार करत नाहीत, आणि उरलेलं काम छताच्या पंख्यांवर सोपवतात. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर हे चालतं. तिथल्याच खू टेक पुआट रुग्णालयात अनेक वॉर्ड नैसर्गिक वाऱ्यावर चालतात. भिंतीबाहेरचे पडदे वारा पकडून आत वळवतात. ब्राझीलमध्ये लेले या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वास्तुविशारदानं ‘सारा’ नावाच्या रुग्णालयांची छपरं अशीच वाऱ्याच्या हिशोबानं वळवली. ही उदाहरणं मी मुद्दाम रुग्णालयांची देते, कारण जिथे आजारी माणसांना ठेवता येतं तिथे घर बांधणाऱ्यानं अशक्य म्हणण्यात अर्थ नाही.

यंत्रात भरलेल्या गॅसचा प्रश्न मी इथे थोडक्यात आटोपते. एक किलो आर-४१०ए हवेत सुटला तर दोन हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, आर-३२ साधारण पावणेसातशे किलोइतकी, आर-२९० म्हणजे प्रोपेन नगण्य. २०१६ च्या किगाली करारानं यातले तापदायक वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं आहे आणि ती वाट निदान आखलेली आहे.

कार्यक्षम यंत्रं वाटली की वीज वाचेल, हा दुसरा लाडका उपाय. मेक्सिकोनं २००९ ते २०१२ या काळात जुने फ्रिज आणि एसी बदलून नवे घ्यायला मोठ्या प्रमाणावर पैसे दिले. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी बिलं तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत वीज सरासरी आठ टक्क्यांनी उतरली. एसी बदललेल्या घरांत ती वाढली. पुष्कळांनी याला योजनेचं अपयश म्हटलं. मला त्यात बिल परवडू लागल्यामुळे आणखी काही तास झोपलेली माणसं दिसतात. विजेच्या हिशोबात त्या तासांना किंमत धरली नाही, तर प्रत्येक गरीब घराचा एसी आपल्याला तोट्यातच दिसेल.

मग नेमकं काय बदलावं? माझं लक्ष जाऊन थांबतं ते चाचणीच्या खोलीपाशी. एसीची कार्यक्षमता मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीत आतली हवा २७ अंश आणि ओल्या तापमापकावर १९ अंश धरतात. म्हणजे आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली. कोरड्या खोलीत यंत्र चालवून बघायचं आणि दमट देशात विकायचं! त्यात उत्पादकाला कॉइल कमी गार ठेवून आकडा वाढवणं सोयीचं पडतं, स्टार वाढतात, आणि घरात ओलावा तसाच राहतो. याहून वेगळं करता येतं हे सिद्ध झालेलं आहे. २०१८ मध्ये भारत सरकारच्या सहभागानं ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ जाहीर झालं, त्यात खोली २७ अंशांखाली आणि आर्द्रता ६० टक्क्यांखाली अशी दोन्ही बंधनं घातली. २०२१ मध्ये दायकिन आणि ग्री यांच्या गटांनी ते जिंकलं, नेहमीच्या एसीच्या पाचपट कमी हवामान-परिणाम करणारी यंत्रं दाखवून. ओलावा आणि गारवा वेगवेगळे सांभाळता आले की २७ वरही सुखानं झोपता येतं.

आज घेतलेला एसी दहा-पंधरा वर्षं चालेल. उष्ण कटिबंधातली कोट्यवधी घरं आपला पहिला एसी याच काळात घेणार आहेत, बरीचशी कर्ज काढून, आणि लेबलवरचे स्टार मोजून. त्या लेबलवर दमट रात्रीची चाचणी यावी, पाणी काढण्याची क्षमता वेगळी छापली जावी आणि रिमोटवर अंशांच्या शेजारी आर्द्रतेचा टक्का दिसावा. ओलावा मोजणारा सेन्सर ही आता काही दुर्मीळ किंवा महागडी वस्तू राहिलेली नाही, आणि चाचणीचे नियम बदलणं सरकारांच्या हातात आहे.